भरीत पार्टी 15 जणांची: वांगी किती, भाजायची कशावर, कळणा कसा दळायचा?

गच्चीवरची_चूल

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये घरी मित्रमंडळींना भरीत-भाकरीला बोलवायचं आहे. पंधरा माणसं, त्यातली चार-पाच पुण्याकडची. घर जळगावात, चौथा मजला, वर मोकळी गच्ची. घरच्या चौघांपुरतं भरीत नेहमी होतं, पण पंधरांचं गणित वेगळं असणार. म्हणून आधीच विचारून ठेवतो:

वांगी किती किलो घ्यायची? गच्चीवर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवाव्यात की गॅसवर भाजलेलं चालेल? जास्त प्रमाणात केलं की भरिताला पाणी सुटतं आणि रंग काळपट होतो, ते कशानं? कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद किती-किती? आणि एक जण कांदा-लसूण खात नाही, त्याची सोय कशी लावायची?

पाककृती ढोबळ नको, मापासकट हवी.

---

बामणोद_फाटा

आधी वांग्यांचं बोलू, कारण वांगं चुकलं की पुढचा मसाला कितीही भारी असला तरी फुकट.

भरिताचं वांगं म्हणजे आपलं पांढरट-हिरवं, लांबट-गोल, अंगावर फिकट रेघा असलेलं. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं असोदा ही नावं त्यासाठीच घेतली जातात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बाजारात मात्र प्रत्येक हिरवं वांगं "बामणोदचं" असतं, तेव्हा नावावर जाऊ नका, हातात घेऊन बघा.

माणशी 400 ग्रॅम कच्चं वांगं धरा. जेवणात दुसरी भाजी नसेल तर याहून कमी पुरत नाही. पंधरा जणांना 6 किलो लागतील, आणा 7 किलो. वरचा किलो किडक्या निघणाऱ्या वांग्यांसाठी. भाजून, साल आणि देठ काढून, पाणी निथळल्यावर किलोमागे साधारण 600 ग्रॅम गर हातात येतो. म्हणजे 6 किलोचा सुमारे साडेतीन किलो गर.

निवडताना एवढं बघा:

350 ते 500 ग्रॅमची, एकसारख्या आकाराची घ्या. लहान-मोठी मिसळली की लहान जळून जातात आणि मोठी आत कच्ची राहतात.

एकाच आकाराची दोन वांगी दोन हातांत धरली तर जे हलकं लागेल ते घ्या. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात.

साल तुकतुकीत हवी. निस्तेज, पिवळसर झाक आलेलं वांगं जून झालेलं असतं. त्याच्या बिया तपकिरी आणि कडू निघतात. अंगठ्यानं दाबलं की जागेवर परत यावं, खळगा राहिला तर वांगं शिळं.

देठ आणि टोपी हिरवी असावी, काटे टोचावेत. टोपीची कड उचलून बघा, अळीचं भोक बहुतेक वेळा तिथेच लपलेलं असतं. भोक बारीक दिसलं तरी आत पोखरलेलं असतं, ते वांगं बाजूला.

आदल्या दिवशी संध्याकाळी आणलं तरी चालतं, पण फ्रीजमध्ये घालू नका. गारठ्यानं वांग्याचा गर आणि बिया तपकिरी पडतात, आणि तो रंग पुढे भरितात उतरतो. डिसेंबरात घरातल्या जमिनीवर पोत्यावर पसरून ठेवली तरी पुरतं. रचून ठेवू नका, खालची दबतात.

आणखी एक. पाहुण्यांत कोणी चातुर्मासाचं वांगं पाळणारं असेल तर तारीख ठरवताना चंपाषष्ठी बघून घ्या. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि बऱ्याच घरांत त्यानंतरच वांगं सुरू होतं. ती कधी नोव्हेंबरअखेर येते, कधी डिसेंबरच्या मध्यावर.

---

काडी_लावा

गच्ची मोकळी असेल तर गॅसचा विचारच करू नका भो. पऱ्हाटीच्या जाळाची चव गॅसला येत नाही. पऱ्हाटीचा जाळ मोठा आणि झटपट असतो, वांग्याला सगळीकडून एकदम लागतो. साल जळते, धूर आत मुरतो आणि गर वाफेवर शिजतो.

पण गच्चीवर करताना हे सांभाळा.

फरशीवर किंवा कोब्यावर थेट आग नको. कोबा तडकतो आणि पावसाळ्यात खालच्या घरात गळतं. विटांच्या दोन-तीन रांगा, त्यावर जाड लोखंडी पत्रा, पत्र्यावर दोन बोटं वाळू किंवा माती. पाण्याच्या दोन बादल्या शेजारी भरून ठेवा. टाकीचा प्लास्टिकचा पाइप, डिशची वायर, वाळत घातलेले कपडे यांपासून लांब. खालच्या मजल्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर धूर बघून सगळे वर येतील. (आलेच तर मग 400 ग्रॅमचा हिशेब बदलावा लागेल.)

पऱ्हाट्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, वाकवल्या की कट्कन मोडल्या पाहिजेत. ओल्या काड्यांचा धूर पिवळसर आणि जाड निघतो, त्यानं भरीत कडवट लागतं. डिसेंबरात नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाट्या मिळतात, त्या नकोत: एक तर ओल्या, आणि वर फवारणीचा अंश असण्याची शक्यता. सरपणासाठी रचून ठेवलेल्या मागच्या वर्षीच्या मागून आणा. त्या पाऊस-ऊन खाऊन बसलेल्या असतात. वाळलेली बोंडं झाडून काढा, त्यातला उरलेला कापूस पेटून उडतो. पऱ्हाट्या नाहीच मिळाल्या तर तुरीच्या वाळक्या काड्या. फळीचे तुकडे, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड अजिबात नको.

भाजायची रीत अशी. वांगी पुसून घ्या, तेल लावू नका. प्रत्येक वांग्याला सुरीच्या टोकानं दोन-तीन ठिकाणी टोचा. न टोचलेलं वांगं आतल्या वाफेनं फुटतं आणि गर राखेत सांडतो. पत्र्यावर काड्यांचा कवळाभर (दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा) थर, त्यावर वांगी एकेरी रांगेत, सगळ्यांचे देठ एका दिशेला म्हणजे फिरवताना धरायला बरं. वरून पातळ थर काड्या, मग पेटवा. पहिला जाळ तीन-चार मिनिटांत बसतो. लांब काठीनं वांगी अर्धी फिरवा, परत काड्या टाका. असे तीन-चार जाळ, मग उरलेल्या निखाऱ्यावर पाच मिनिटं. सगळं मिळून वीस मिनिटांत 6-7 किलो एका दमात होतं. काड्या चार मोठे कवळे लागतील, पाचवा राखीव ठेवा. अर्ध्यात काड्या संपल्या तर वांगी कोमट होत बसतात आणि बाहेरून जळून आतून कच्ची राहतात.

भाजलं की नाही हे देठाजवळ बघायचं. पोट लवकर शिजतं, मान मागे राहते. विणायची सुई किंवा सुरीचं टोक देठाखाली घाला, अडखळलं तर तेवढा भाग निखाऱ्यावर टेकवून उभं धरा.

मिरच्याही याच निखाऱ्यावर जाळीत टाकून भाजून घ्या. तव्यावर भाजल्या तर घरात ठसका.

---

तीन_बर्नर

काडी_लावा यांचं बरोबर आहे, पण प्रत्येकाला पऱ्हाट्या आणि गच्चीची परवानगी मिळत नाही. गॅसवर भरीत वाईट होतं असं नाही. घाईनं भाजलेलं वाईट होतं.

गॅसवर वेळ कुठे जातो ते आधी समजून घ्या. 400 ग्रॅमच्या वांग्याला मध्यम आचेवर 15 ते 18 मिनिटं लागतात. एका बर्नरवर जाळी ठेवून दोन वांगी बसतात. तीन बर्नर असले तरी पंधरा-सोळा वांग्यांना तीन फेऱ्या, म्हणजे तासभर निव्वळ भाजण्यात. आच मोठी करून हा वेळ वाचत नाही. साल पाच मिनिटांत काळी होते, झालं असं वाटून माणूस उतरवतो, आणि सोलताना मधला भाग रबरासारखा निघतो. तो कच्चा भाग नंतर कढईत शिजत नाही, भरितात दाताखाली गुठळ्या येत राहतात.

गॅसवर भाजताना तेलाचा हात लावा, पण नुसता पुसल्यासारखा. त्यानं साल एकसारखी करपते आणि सोलताना सुटून येते. जास्त लावलं तर थेंब बर्नरवर पडून काजळी धरते. बर्नरभोवती फॉइल लावलीत तर छिद्रं आणि हवेची जागा झाकू नका.

धुराची चव हवी असेल तर सोललेला, निथळलेला गर पातेल्यात घेऊन मधोमध वाटी ठेवा, तीत लाल झालेला लोणारी कोळसा, त्यावर चमचाभर शेंगदाणा तेल, झाकण. चार मिनिटं पुरे. दहा मिनिटं ठेवलं तर औषधी वास येतो.

मायक्रोवेव्ह नाही, कुकर नाही. उकडलेल्या वांग्याचं भरीत होत नाही, उकडलेलं वांगं होतं.

---

गच्चीवरची_चूल

दोघांचेही आभार. गच्चीवरच करतो, विटा-पत्रा आहे. आता पाणी सुटण्याचं आणि मसाल्याचं माप कोणी सांगेल का? घरी ठेचायला मोठं लाकडी भांडं नाही, मिक्सर चालेल का?

---

ठेचा_मुसळी

मिक्सर नको. पातं बिया फोडतं, गर चिकट लगदा होतो आणि कडवटपणा उतरतो. भरितात गराचे धागे दिसले पाहिजेत. गावाकडे लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचतात. घरी मोठी परात आणि लाकडी रवी उलटी धरून, किंवा पावभाजीचा मॅशर. मॅशरनं वरून दाबायचं, घोटायचं नाही.

पाणी का सुटतं. भाजलेली वांगी गरम असतानाच पातेल्यात रचून झाकली की वाफ परत पाणी होऊन त्यातच मुरते. शिवाय वांग्याचा स्वतःचा तपकिरी रस असतो. तो निथळला नाही तर भरीत पातळ होतं आणि थोडं कडूही. म्हणून जाळावरून काढल्यावर वांगी परातीत एकेरी पसरा, परातीखाली एका बाजूला पाट सरकवून ती तिरकी करा. हाताला सोसवेल इतकी झाली की सोला. सोललेला गर मोठ्या चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. खाली साठलेला रस टाकून द्या, त्याचा मोह नको.

सोलताना नळाखाली धरू नका. राख-काजळी जाते खरी, पण धुराची चवही वाहून जाते. वाटीत पाणी घेऊन बोटं बुडवत सोला. सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या.

आणि प्रत्येक वांगं उभं फाडून उजेडात बघा. पंधरा माणसांच्या घाईत ही पायरी गाळली जाते. बाहेरून स्वच्छ वांग्यातही अळी निघते. फुलाजवळून बारीक असताना आत शिरलेली असते आणि भोक बुजलेलं असतं. बियांची एखादी गाठ तपकिरी दिसली तर तेवढी काढून टाका.

रंग का काळपट होतो. कापलेल्या सफरचंदासारखं वांगंही हवेत तपकिरी होतं, पूर्ण न भाजलेलं तर जास्तच. दुसरं कारण लोखंडी कढई. वांग्यातली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळी पडतात, म्हणून स्टीलचं किंवा कल्हई केलेलं पितळेचं पातेलं घ्या. तिसरं, सोलून ठेवून दोन तास दुसऱ्याच कामाला लागणं. ठेचल्यावर अर्ध्या तासात फोडणीत पडू दे.

माप, 6 किलो कच्च्या वांग्यांसाठी:

हिरव्या मिरच्या 200 ग्रॅम. लवंगी असतील तर 150. पुण्याची मंडळी आहेत तर 120 वर थांबा आणि ठेचा वेगळा ठेवा.
सोललेला लसूण 150 ग्रॅम
कांद्याची पात 1 किलो, निवडलेली
कोथिंबीर 300 ग्रॅम
शेंगदाणे 300 ग्रॅम
सुकं खोबरं 150 ग्रॅम, पातळ काप
जिरं 3 मोठे चमचे
शेंगदाणा तेल अर्धा लिटर
मीठ सुरुवातीला 7 चहाचे चमचे, मग चाखून

तेल बघून दचकू नका. पोटाला सांभाळायचं असेल तर 350 मिलीवर आणा, त्याखाली गेलात तर भरीत कोरडं आणि घशाला लागणारं होतं.

भाजलेल्या मिरच्या, 100 ग्रॅम लसूण आणि चमचाभर मीठ जाडसर कुटा. मिरच्या नुसत्या भाजून वापरल्या तर हिरवट उग्र वास राहतो, त्या तेलात परतल्याच पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट: सगळं एकाच पातेल्यात करू नका. घरगुती बर्नरवर अर्धा लिटर तेल तापतं, पण किलोभर पात एकदम पडली की तेल गार पडतं, पात परतण्याऐवजी पाणी सोडून शिजते, आणि मग लोक वांग्याला दोष देतात. सगळं निम्मं-निम्मं करून दोन पातेल्यांत करा.

प्रत्येक घाण्याला: तेल तापवून आधी शेंगदाणे मध्यम आचेवर तळून काढा. टरफल तडकून दाणा बदामी झाला की लगेच, कारण काढल्यावरही तो आतून शिजत राहतो. मग खोबऱ्याचे काप, अर्धं मिनिट, कडा तांबूस झाल्या की बाहेर. आच कमी करून जिरं, उरलेला लसूण ठेचून. लसूण पिवळसर झाला की मिरचीचा ठेचा, दोन मिनिटं. पातीचे पांढरे कांदे चिरून घाला, पाणी आटेपर्यंत परता. मग हिरव्या पातीतली निम्मी, एक मिनिट. आता गर आणि मीठ. उलथन्यानं खालवर करून फक्त चार-पाच मिनिटं, झाकण न ठेवता. गॅस बंद केल्यावर उरलेली हिरवी पात, कोथिंबीर, दाणे आणि खोबरं. दाणे आधी घातले तर मऊ पडतात.

तयार भरिताची खूण: उलथन्यानं मधोमध वाट काढली की कडेला तेल दिसतं, पाणी दिसत नाही.

---

अमळनेरी_झटका

खोबरं कशाला? पात, दाणे, मिरची, लसूण, एवढ्यावर भरीत पूर्ण आहे.

बाकी हळद, टोमॅटो, गरम मसाला यातलं काही घालणार असाल तर त्याला भरीत म्हणा, खान्देशी म्हणू नका.

---

ठेचा_मुसळी

खोबरं ऐच्छिक, मान्य. घरोघरी वेगळं असतं. टोमॅटोबद्दल मात्र एकमत. आंबटपणा सोडा, त्याचं पाणीच निस्तरत बसावं लागतं.

---

दादरची_भाकर

कळण्याचं कोणी बोललं नाही अजून.

प्रमाण ज्वारी चार भाग, सालासकट काळे उडीद एक भाग. पंधरा जणांना माणशी दोन भाकरी धरून तीस, भाकरीला साधारण 100 ग्रॅम पीठ, म्हणजे 3 किलो. त्यासाठी ज्वारी 2 किलो 400 ग्रॅम, उडीद 600 ग्रॅम, दळतानाच 2 चमचे जाडं मीठ आणि 1 चमचा मेथीदाणे. ज्वारी दादर मिळाली तर उत्तम. ती रब्बीची, निघते फेब्रुवारी-मार्चात, त्यामुळे डिसेंबरात मागच्या हंगामाचीच मिळणार. फक्त सोंडे (धान्यातले किडे) नाहीत हे बघा.

उडीद वाढवले की चव वाढेल असं वाटतं, पण तीनास एकपर्यंत गेलं की पीठ हाताला चिकटतं आणि भाकरी चिवट होते. उडीद धुऊन दळणार असाल तर कडकडीत ऊन द्या, दमट उडदानं चक्कीत पीठ दबतं आणि गरम होऊन वास धरतं. दळण थोडं सरसरीत सांगा, मैद्यासारखं नको. पीठ दोन-तीन दिवस आधी दळलं तर पुरे, आल्यावर कागदावर पसरून गार करा आणि मगच डब्यात भरा.

भिजवायला कोमट पाणी. साध्या ज्वारीला उकळतं पाणी लागतं तसं इथे लागत नाही, उडदाचा चिकटपणाच पीठ धरून ठेवतो. एका वेळी दोन-तीन भाकरींचंच पीठ मळा. सगळं एकदम मळून ठेवलं तर अर्ध्या तासात सैल पडतं, मग थापताना परातीला धरून बसतं. तळव्याच्या टाचेनं चांगलं रगडा. कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलंय, पाणी नाही.

तवा चांगला तापलेला हवा. वरच्या बाजूला पाणी फिरवून ते सुकायच्या आत उलटा. पाणी सुकून गेल्यावर उलटली तर भेगा पडतात. मग खालची बाजू पूर्ण भाजल्यावर जाळावर किंवा गॅसवर फुगवा. उडदामुळे साध्या भाकरीपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागतं.

तीस भाकरींना एका तव्यावर दीड तास जातो. दोन तवे आणि दोन माणसं ठेवा: एक थापणारं, एक भाजणारं. भाजलेली भाकरी लगेच टोपल्यात रचू नका, खालची घामेजून ओली होते. मिनिटभर जाळीवर ठेवून मग कापडात.

ही माणसं मिळत नसतील तर याच कळण्याच्या पुऱ्या करा. पीठ घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून प्लास्टिकच्या कागदावर जाडसर थापायच्या आणि कडक तेलात तळायच्या. तेल कोमट असेल तर पुरी तेल पिते. माणशी पाच-सहा लागतात. भरीत आधीच तेलकट आहे तेव्हा माझं मत भाकरीकडे, पण चाळीस मिनिटांत काम आटोपतं हेही खरं.

---

हिरवा_घोळाणा

कांदा-लसूण न खाणाऱ्यासाठी: ठेचलेला गर फोडणीत जायच्या आधी 300 ग्रॅम बाजूला काढा. 2 चमचे तेलात जिरं, चिमूटभर हिंग, भाजून कुटलेल्या 3 मिरच्या (लसूण मिसळायच्या आधीच वेगळ्या कुटा, खलबत्ता तोच नको), दाणे, खोबरं, भरपूर कोथिंबीर. पातीची जागा भरायला मूठभर मेथी बारीक चिरून परता. आधी विचारून मात्र घ्या: वांगं चालतं ना? कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या काहींना वांगंही चालत नाही, मग दारात आल्यावर पंचाईत. नसेल चालत तर कळण्याची भाकरी, कढी आणि कांदा-लसणाशिवाय पिठलं.

बाजूला फार पदार्थ मांडू नका. डिसेंबरात हरभऱ्याचा कोवळा पाला मिळतो, त्याचा घोळाणा करा. 250 ग्रॅम पाला निवडून बारीक चिरा. धुवायचा असेल तर एकदाच, भरकन, कारण पानांवरची आंब (आंबट अंश) धुतली गेली की चवच गेली. त्यात दाण्याचा जाडसर कूट 100 ग्रॅम, 4-5 मिरच्या ठेचून, मीठ, 3 चमचे कच्चं तेल. मीठ अगदी पानं वाढताना, आधी घातलं तर पाला पाणी सोडून गळून पडतो. पाला नाही मिळाला तर मेथीचा, त्यावर लिंबू.

याशिवाय पातळ ताक किंवा गोड दही, उभा फोडलेला कांदा. पुण्याच्या मंडळींसाठी दही दीड किलो ठेवा, मिरची लागली की पाण्यापेक्षा त्याचा उपयोग.

---

गच्चीवरची_चूल

भारी. आता शेवटचं: रात्री आठला पानं घ्यायची तर सुरुवात कधी करू? आणि उरलं तर सकाळी चालेल का?

---

ठेचा_मुसळी

दुपारी पात-कोथिंबीर निवडून, धुऊन, कापडावर कोरडी करून ठेवा. ओली पात फोडणीत पडली की परत पाण्याचीच तक्रार. लसूणही तेव्हाच सोला, 150 ग्रॅमला एकट्या माणसाचा अर्धा तास सहज जातो. साडेपाचला पत्रा-विटा मांडून जाळ, डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं आणि देठाजवळ भाजलंय का ते दिसत नाही. सव्वासहाला सोलणं, दोन जण. पावणेसातला निथळून ठेचायला. भाकरी सातला सुरू. फोडणी सव्वासातला, पहिलं पातेलं होईपर्यंत दुसऱ्याचं तेल तापवू नका. पावणेआठला दोन्ही पातेली एकत्र करून मीठ परत चाखा. भरीत जरा कोमट झालं की मीठ नीट कळतं.

उरलं तर रात्रीच उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. सकाळी दाणे मऊ झालेले असतील, तव्यावर परतताना थोडे ताजे तळून घाला. दही मिसळलेलं भरीत ठेवू नका. पात-कोथिंबीर घातलेलं रात्रभर बाहेरही ठेवू नका, थंडी असली तरी.

---

काडी_लावा

आणि राख तशीच पोत्यात भरू नका. वरून विझलेली दिसते, पऱ्हाटीच्या बुडख्यात निखारा तास-दोन तास धुमसत राहतो. पाणी मारून, काठीनं हलवून, परत पाणी. सकाळी गार झाल्यावर कुंड्यांना घातली तर चालेल, पण मूठभरच.